४१ विजय, १२१ पराभव: व्हाइट सॉक्सचा २०२४चा हंगाम नेमका कुठे उसवला?

काजळरेघ (प्रश्न)

शिकागो व्हाइट सॉक्स या अमेरिकी बेसबॉल संघाचा २०२४चा हंगाम पहिल्या सामन्यापासून तपासायला घेतला आहे. १६२ पैकी ४१ जिंकले, १२१ हरले. १९०० नंतर मेजर लीगमध्ये एका हंगामात इतके पराभव कुणाच्याच वाट्याला आले नव्हते. १९६२च्या न्यूयॉर्क मेट्सचा १२० पराभवांचा आकडा तोपर्यंत टिकून होता. सुरुवातच ३-२२ (३ विजय, २२ पराभव) अशी. २२ मे ते ६ जून सलग १४ पराभव, मग १० जुलै ते ५ ऑगस्ट सलग २१. हंगामभरात केलेल्या धावा ५०७, दिलेल्या ८१३.

विचारायचं ते असं. संघ खरोखर इतका कमजोर होता, की थोडं नशीबही आडवं आलं? हे मोजायची पद्धत काय? जास्त दोष बॅटिंगचा की पिचिंगचा (चेंडू टाकणाऱ्यांचा)? आणि सगळ्यात खाली राहिल्याचा पुढच्या वर्षी काही फायदा होतो का? तीन वर्षांपूर्वी, २०२१मध्ये, याच संघाने ९३ सामने जिंकून विभाग (पाच संघांचा गट) जिंकला होता, म्हणून ही घसरण नीट समजून घ्यायची आहे.

पाटीपेन्सिल

आधी मोजणी. बिल जेम्स यांची जुनी रीत अशी की विजय-पराभव बाजूला ठेवायचे आणि फक्त धावांवरून संघाने किती सामने जिंकायला हवे होते ते काढायचं. मूळ सूत्रात वर्ग घेतात. आता २ ऐवजी १.८३ हा घात वापरतात, कारण तो प्रत्यक्ष निकालांशी जास्त जुळतो.

केलेल्या धावांना दिलेल्या धावांनी भागा: ५०७ ÷ ८१३ = ०.६२४. याचा १.८३वा घात घ्या: ०.४२१. या उत्तराला त्याच्यात १ मिळवून आलेल्या संख्येने भागा: ०.४२१ ÷ १.४२१ = ०.२९६५. त्याला १६२ने गुणलं की ४८ येतात. म्हणजे धावांच्या हिशेबाने हा ४८-११४चा संघ होता. प्रत्यक्षात ४१. सात सामने कमी पडले.

कॅल्क्युलेटर हाताशी नसेल तर दहा धावांना एक सामना धरा. फरक उणे ३०६, म्हणजे ८१ मधून साधारण ३१ वजा, उरले ५०. टोकाच्या संघांना ही ढोबळ रीत एक-दोन सामने इकडेतिकडे करते, पण अंदाज येतो.

आता हे सात सामने नशिबाचे का? ३० टक्के सामने जिंकण्याची कुवत असलेला संघ १६२ सामने खेळला, तर केवळ योगायोगाने होणारा चढउतार साधारण सहा सामन्यांचा असतो (१६२ × ०.३ × ०.७ चं वर्गमूळ, ५.८). तेव्हा सात सामन्यांची तूट डोळे विस्फारण्यासारखी नाही. ती थोडी नशिबाची, थोडी बुलपेनची (सामन्यात मागाहून बदली म्हणून येणाऱ्या पिचरांच्या ताफ्याची). बुलपेनबद्दल जाणकार लिहितीलच.

मला खरा धक्का बसतो तो ४८ या आकड्याने. डब्ल्यूएआर (तळरेषेच्या खेळाडूपेक्षा एखादा खेळाडू किती विजय जास्त मिळवून देतो तो आकडा) मोजताना जी तळरेषा धरतात ती ०.२९४ विजयांची आहे, म्हणजे १६२ सामन्यांत ४७.६. ही तळरेषा म्हणजे खालच्या लीगमधून केव्हाही बोलावता येणाऱ्या, किमान पगारावर मिळणाऱ्या खेळाडूंनी भरलेला काल्पनिक संघ. (३० संघांचे मिळून २४३० विजय, त्यातले तळरेषेचे सुमारे १४३० वजा केले की १००० उरतात. हंगामभरातलं एकूण डब्ल्यूएआर हजार धरतात ते यामुळे.) व्हाइट सॉक्सचे धावांवरून येणारे ४८ विजय अगदी या रेषेवर बसतात. गॅरेट क्रोशेसारखा उत्तम पिचर संघात असून एकूण बेरीज तळरेषेइतकी आली. याचा अर्थ बाकीचे बरेच जण तळरेषेच्याही खाली खेळत होते.

बॅटिंग की पिचिंग? २०२४मध्ये दोन्ही लीग (अमेरिकन आणि नॅशनल) मिळून एका संघाची सरासरी सामन्याला ४.३९ धावा होती, म्हणजे हंगामाला ७११. व्हाइट सॉक्सने सरासरीपेक्षा २०४ धावा कमी केल्या आणि १०२ धावा जास्त दिल्या. तीनशे सहाच्या खड्ड्यातले दोन वाटे बॅटिंगचे, एक वाटा पिचिंग आणि फिल्डिंगचा. त्याच वर्षी कोलोरॅडो रॉकीजनी ९२९ धावा दिल्या, सॉक्सपेक्षा ११६ जास्त, आणि तरी ६१ सामने जिंकले, कारण त्यांनी ६८२ धावा केल्या. रॉकीजच्या डेन्व्हर शहराच्या उंचीवर चेंडू लांब जातो, त्यामुळे तिथे दोन्ही बाजूंचे आकडे फुगतात हे लक्षात ठेवायचं, पण मुद्दा बदलत नाही.

धावा का झाल्या नाहीत त्याचं उत्तर बेसवर (धावपटूच्या थांब्यावर) पोचण्याच्या प्रमाणात आहे. सॉक्स ०.२७८, मेजर लीगची सरासरी ०.३१२. फरक किरकोळ वाटतो. पण धाव सहसा एका माणसाने होत नाही, लागोपाठ दोघातिघांनी बेस गाठावा लागतो. ओळीने तीन बॅटर बेसवर पोचण्याची शक्यता काढून बघा: सरासरी संघाला हजारात ३० वेळा, सॉक्सला हजारात २१ वेळा. प्रत्येक पायरीवरची छोटी तूट गुणाकाराने वाढत जाते.

जुनीपानं

एक दुरुस्ती नव्हे, पुरवणी. १२१ हा पराभवांच्या संख्येचा विक्रम आहे, विजयांच्या टक्केवारीचा नाही. सॉक्स ०.२५३ (४१-१२१). १९६२चे मेट्स ०.२५० (४०-१२०, पावसामुळे १६२ सामने पूर्ण झालेच नाहीत). १९३५चे बॉस्टन ब्रेव्हज ३८-११५, म्हणजे ०.२४८. १९१६चे फिलाडेल्फिया ॲथलेटिक्स ३६-११७, म्हणजे ०.२३५. आणि १९००च्या आधी गेलात तर १८९९चे क्लीव्हलँड स्पायडर्स २०-१३४ आहेत, त्यांच्या जवळपासही कुणी फिरकलेलं नाही. हंगाम १५४ सामन्यांचा असताना आणि १६२ सामन्यांचा असताना पराभव नुसते मोजून तुलना करू नये.

मेट्सना आणखी एका कारणाने वेगळं ठेवावं लागतं. त्यांचं ते पहिलंच वर्ष होतं. बाकीच्या संघांनी निवडीसाठी मोकळे सोडलेल्या खेळाडूंतून तो संघ उभा केला होता. सॉक्सकडे अशी सबब नाही.

पाटीपेन्सिल यांच्या सूत्राने बाकीचेही तपासा. मेट्स ६१७ विरुद्ध ९४८, अपेक्षित ५० विजय, मिळाले ४०. २०२५चे रॉकीज ५९७ विरुद्ध १०२१, फरक उणे ४२४, आधुनिक काळातला सर्वांत मोठा. अपेक्षित ४४, मिळाले ४३. धावांनी पाहिलं तर रॉकीजचं २०२५ हे सॉक्सच्या २०२४पेक्षा कितीतरी वाईट, तरी दोन विजय जास्त. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर या दोन ओळींत आहे.

डावखुरा

बुलपेनकडे येतो, कारण सात सामन्यांची तूट तिथेच शोधायची असते.

हंगामात संघाला टाकायचे डाव १६२ × ९ = १४५८ असं आपण म्हणतो. हरणाऱ्या संघाचे थोडे कमी भरतात, कारण परक्या मैदानावर हरताना यजमान नववा डाव खेळतच नाहीत, आपण आठच टाकतो. तरी १४३०च्या आसपास धरा. स्टार्टरने (सामना सुरू करणाऱ्या पिचरने) सरासरी पाच डाव टाकले तर त्यांचे ८१० झाले. उरले सुमारे ६२०. सक्रिय संघ २६ जणांचा, त्यात पिचर जास्तीत जास्त १३. पाच स्टार्टर गेले की बुलपेनमध्ये आठ. रिलीव्हर (बुलपेनमधला बदली पिचर) हंगामाला ६०-७० डाव टाकतो, म्हणजे आठ जणांचे ५२० होतात. हे शंभर डाव कोण टाकणार? शार्लटहून, म्हणजे ट्रिपल-ए या लगतच्या खालच्या लीगमधून आळीपाळीने बोलावलेले पिचर. चांगल्या संघाकडेही ही तूट असते, पण त्यांच्याकडे वरचे पाच-सहा रिलीव्हर भक्कम असतात, त्यामुळे हे शंभर डाव साधारण सहा धावांच्या फरकाने निकाल लागलेल्या सामन्यांत खपवता येतात. सॉक्सना ते चुरशीच्या सामन्यांत वापरावे लागले.

वरचे रिलीव्हर गेले कुठे, तेही बघा. २०२३च्या ट्रेड डेडलाइनला (खेळाडूंच्या अदलाबदलीच्या शेवटच्या मुदतीला) केंडल ग्रेव्हमन, जो केली आणि रेनाल्डो लोपेझ गेले. नोव्हेंबरमध्ये ॲरन बमर अटलांटाला, फेब्रुवारी २०२४मध्ये ग्रेगरी सँटोस सिॲटलला. लिअम हेंड्रिक्सचा करार पुढे चालवला नाही. स्टार्टर मायकल कोपेकला क्लोझर (शेवटचा डाव टाकणारा) केलं, आणि २९ जुलैला तोही डॉजर्सकडे गेला. हे सगळे व्यवहार एकेक करून पाहिले तर समर्थन करता येतं; पुनर्बांधणी करणारा संघ महागडे रिलीव्हर विकतोच. पण सातवा, आठवा आणि नववा डाव सांभाळणारे सगळे एका वर्षात काढले, तर सहाव्या डावापर्यंत ३-२ने पुढे असलेला सामना हातात राहत नाही.

क्रोशेचं उदाहरण तर जवळून पाहण्यासारखं आहे. २०२२ पूर्ण वर्ष कोपराच्या शस्त्रक्रियेत गेलं, २०२३मध्ये मेजर लीगमध्ये जेमतेम १३ डाव. २०२४मध्ये त्याला पहिल्यांदाच स्टार्टर केलं आणि त्याने ३२ सामन्यांत १४६ डावांत २०९ बॅटर स्ट्राइकआउट केले. १४६ भागिले ३२, म्हणजे सामन्याला साडेचार डाव. जुलैपासून त्याला साधारण चार डावांनंतर काढून घेत होते, कारण आदल्या वर्षीच्या तेरा डावांवरून हात एकदम पावणेदोनशेवर नेला तर पुन्हा दुखापतीचा धोका. निर्णय बरोबरच होता. पण परिणाम असा की संघाचा सर्वोत्तम पिचर ज्या दिवशी टाकतो, त्या दिवशीही बुलपेनला पाच डाव ओढावे लागतात. एरवी असा पिचर सात डाव टाकून बुलपेनला विश्रांती देतो आणि पुढचे दोन दिवसही सोपे करतो. त्याचा वैयक्तिक निकाल ६-१२ लागला, ईआरए (नऊ डावांमागे पिचरच्या नावावर लागणाऱ्या धावा) ३.५८ असताना. हे दोन आकडे शेजारी ठेवले की संघाची अवस्था कळते.

ट्रिपल-एमधून वर-खाली करायलाही मर्यादा आहेत. एकदा खाली पाठवलेला पिचर १५ दिवस परत बोलावता येत नाही, कुणी जखमी झाला तरच सूट. बॅटरसाठी हेच १० दिवस. एका खेळाडूला एका हंगामात पाचच वेळा असं खाली पाठवता येतं, त्यापुढे तो वेव्हर्सवर जातो आणि दुसरा संघ उचलू शकतो. त्यामुळे आज दमलेला पिचर खाली, उद्या ताजा वर, हे महिनाभर चालतं आणि मग कोंडी होते. सलग पराभवांच्या काळात ती कोंडी हमखास होते, कारण मागे पडलेल्या सामन्यातही डाव तर कुणीतरी टाकायचेच असतात.

बॅटिंगमध्ये तळ उघडा पडला तो एप्रिलमध्येच. एलॉय हिमेनेझ, लुइस रॉबर्ट आणि योआन मोंकाडा हे तिघे हंगाम सुरू होऊन दोन आठवडे व्हायच्या आत जखमी झाले. तिघांनाही जांघ-कमरेच्या स्नायूंची दुखापत. मोंकाडा वर्षभरात १२च सामने खेळला. त्या जागी जे आले ते संघात चौथे-पाचवे पर्याय म्हणून ठेवण्याजोगे होते, रोज खेळवण्याजोगे नव्हते.

काजळरेघ

खूप आभार, तिन्ही उत्तरं वहीत उतरवून घेतली. दोन उपप्रश्न. २१ पराभवांची मालिका या आकडेमोडीत कशी बसते? आणि २३ मेचा बॉल्टिमोर ओरिओल्सविरुद्धचा सामना इनफिल्ड फ्लायवर संपला, तो निर्णय मला अजून नीट उलगडलेला नाही.

पाटीपेन्सिल

मालिकेचं गणित अंदाजाने असं. पराभवाची शक्यता प्रत्येक सामन्यात ०.७५ धरली तर सलग २१ हरण्याची शक्यता ०.७५चा २१वा घात, ०.००२४. मालिका कुठल्याही विजयानंतर सुरू होऊ शकते, अशा साधारण ३५ जागा मिळतात (१४१ × ०.२५). गुणाकार केला की आठ-नऊ टक्के येतात. म्हणजे इतका कमजोर संघ बारा हंगाम खेळला तर एकदा असं घडेल. ०.७० धरलं तर हीच शक्यता अडीच टक्क्यांच्या आत येते. अमेरिकन लीगचा २१चा विक्रम त्यांनी गाठला, तो १९८८च्या ओरिओल्सचा होता, आणि तो हंगामाच्या पहिल्याच दिवसापासूनचा. सॉक्सची मालिका ६ ऑगस्टला ओकलंडमध्ये ५-१ने जिंकल्यावर तुटली.

दोनच दिवसांनी मॅनेजर पेड्रो ग्रिफोल यांना काढलं. तेव्हा संघ २८-८९ होता. ग्रेडी साइझमोर यांच्या हाताखाली उरलेले १३-३२. टक्केवारी ०.२३९ वरून ०.२८९. ४५ सामन्यांत हा फरक दोन सामन्यांचा होतो, त्यावरून कुणालाही श्रेय किंवा दोष देऊ नये. उलट साइझमोर यांच्याकडे डेडलाइननंतरचा, आणखी पातळ झालेला संघ होता.

आडवाहात

२३ मेचा निर्णय. नवव्या डावाचा उत्तरार्ध, ओरिओल्स ८-६ने पुढे, एक बाद, पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर सॉक्सचे धावपटू. अँड्र्यू बेनिंटेंडीने चेंडू सरळ वर उडवला, शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या फिल्डरच्या) दिशेने.

पहिला नियम: दोनपेक्षा कमी बाद असताना पहिला आणि दुसरा बेस (किंवा तिन्ही) भरलेले असतील आणि चेंडू इनफिल्डरला सहज झेलता येण्यासारखा असेल, तर अंपायर हवेतच इनफिल्ड फ्लाय पुकारतो आणि बॅटर बाद होतो, झेल घेतला काय नि सुटला काय. मुद्दाम झेल सोडून धावपटूंना अडकवता येऊ नये म्हणून हा नियम आहे. हा झाला दुसरा बाद.

दुसरा नियम: मारलेला चेंडू घेणाऱ्या फिल्डरला वाट देणं ही धावपटूची जबाबदारी. दुसऱ्या बेसवरचा अँड्र्यू वॉन परत बेसकडे येत होता आणि शॉर्टस्टॉप गनर हेंडरसन चेंडूखाली जाताना दोघांची वाट एक झाली. अंपायरने अडथळा दिला. वॉनचा हेतू नव्हता हे उघड दिसतं, हेंडरसनने झेलही घेतला, पण नियमात हेतू पाहत नाहीत. धावपटू बाद, तिसरा बाद, सामना संपला. बरोबरीची धाव पहिल्या बेसवर उभी होती.

नियमाच्या चौकटीत निर्णय बसतो. अडथळा झाला की नाही हे मात्र अंपायरने त्या क्षणी ठरवायचं असतं, आणि तिथे मतभेदाला जागा आहे. माझ्या मते तो न देणंही नियमात बसलं असतं. धावपटूसाठी शिकण्यासारखं एवढंच: इनफिल्ड फ्लाय पुकारला की पुढे पळायची सक्ती संपते, तेव्हा चेंडूकडे बघत मागे सरकू नये, फिल्डर कुठून येतो ते आधी पाहावं. बेसला पाय लावून उभा असलेला धावपटू मुद्दाम आडवा आल्याशिवाय अडथळ्यासाठी बाद दिला जात नाही.

जुनीपानं

शेवटच्या प्रश्नाकडे कुणी आलं नाही म्हणून लिहितो: तळाला राहण्याचा फायदा. या बाबतीत सॉक्सच्या चाहत्यांची फार निराशा झाली.

२०२३पासून ड्राफ्टचे (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीचे) पहिले सहा क्रमांक सोडतीने ठरतात, सर्वांत वाईट तीन संघांना सारखी संधी. पण त्यात अट आहे. महसूल वाटपात पैसे देणारा मोठ्या शहराचा संघ सलग दोन वर्षं सोडतीतला क्रमांक घेऊ शकत नाही. पैसे मिळणारा संघ सलग तीन वर्षं घेऊ शकत नाही. अडलेल्या संघाला दहाव्याच्या वर जाता येत नाही. सॉक्सना २०२४च्या ड्राफ्टमध्ये पाचवा क्रमांक मिळाला होता. म्हणून १२१ सामने हरूनही २०२५मध्ये त्यांची पहिली निवड दहावी. पराभव १०१ असते तरी तोच क्रमांक मिळाला असता.

आता विभागाची बाजू. वेळापत्रकात विभागातल्या प्रत्येक संघाशी १३ सामने असतात. २०२४मध्ये बाकीचे चारही संघ निम्म्यापेक्षा जास्त सामने जिंकले: क्लीव्हलँड ९२, कॅन्सस सिटी ८६, डेट्रॉइट ८६, मिनेसोटा ८२. यात सॉक्सचाही हातभार आहे. कॅन्सस सिटी रॉयल्सनी त्यांना १३ पैकी १२ वेळा हरवलं. ते १३ सामने वगळले तर रॉयल्स ७४-७५ होते, आणि तरी ते वाइल्ड कार्डमधून (विभाग न जिंकणाऱ्यांसाठीच्या प्लेऑफच्या जागेतून) पुढे गेले. २७ सप्टेंबरला डेट्रॉइटमध्ये सॉक्स ४-१ने हरले. त्या एकाच निकालाने सॉक्सचा १२१वा पराभव नोंदला गेला आणि टायगर्सचा २०१४नंतरचा पहिला प्लेऑफ प्रवेश पक्का झाला. त्याआधी सॉक्सनी १२०वर अडून एंजल्सना घरच्या मैदानावर सलग तीनदा हरवलं होतं, आणि नंतर टायगर्सविरुद्धचे उरलेले दोन्ही सामने जिंकले. शेवटच्या आठवड्यात हा संघ मन लावून खेळला, हे नोंदवून ठेवायला हवं.

डावखुरा

ड्राफ्टमध्ये नाही, पण दोन ठिकाणी तळाचा क्रमांक उपयोगी पडतो. एक वेव्हर्स: दुसऱ्या संघाने सोडलेला खेळाडू उचलायचा पहिला हक्क खालच्या संघाचा. दुसरा, डिसेंबरमधला रूल ५ ड्राफ्ट. दुसऱ्या संघाने ४० जणांच्या यादीत न ठेवलेला, पुरेशी वर्षं खालच्या लीगमध्ये काढलेला खेळाडू एक लाख डॉलर भरून घेता येतो. अट अशी की त्याला पूर्ण हंगाम २६ जणांत ठेवायचं, नाहीतर वेव्हर्सवरून गेल्यावर मूळ संघाला पन्नास हजार डॉलरला परत देऊ करायचं. जिंकण्याच्या स्पर्धेत असलेल्या संघाला एक जागा वर्षभर नवख्यासाठी अडवून ठेवणं परवडत नाही. सॉक्सना परवडत होतं. डिसेंबर २०२४मध्ये त्यांनी पहिल्याच क्रमांकावर मिलवॉकीच्या व्यवस्थेतला पिचर शेन स्मिथ घेतला, त्याला सरळ स्टार्टर केलं, आणि २०२५च्या ऑल-स्टार संघात त्याची निवड झाली. त्या वर्षी संघ ६०-१०२.